काठावरच्या चार ओळी

थोरल्याचा हात आधी चालायचा; डोकं मागून, सावकाश, चपला घालून यायचं. त्यामुळे धाकट्या भावाची दोन महिन्यांची पोर दुपारी ओठांपासून नखांपर्यंत निळी पडली, तेव्हा आईबाप तिला घेऊन दवाखान्याकडे पळाले आणि थोरला दूध-पावडरचा डबा घेऊन दुकानाकडे.

"यात काय कालवलंस?"

दुकानदाराने उत्तरासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात थोरल्याने मानगूट धरून ते काउंटरवर आपटलं. मग, चुकून हळू लागलं असेल म्हणून, पुन्हा. वाळकं कणीस मोडावं तसं नाक मोडलं. दोन दात वजनकाट्याखाली घरंगळले.

रक्ताने माखलेला डबा थोरल्याने दवाखान्यात आणून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उघडलाही नाही.

"पावडर कुठल्या पाण्यात कालवता?"

"विहिरीच्या," पोरीची आई म्हणाली. "चांगलं अर्धा तास उकळून."

"उकळून खताचा अंश जात नाही, उलट वाढतो. तो मोठ्यांना बाधत नाही. तान्ह्याचं रक्त मात्र हवा धरेनासं होतं. विहिरीपासून शेत किती लांब?"

सगळे थोरल्याकडे बघायला लागले. कारखाना गाड्यांच्या इंधनासाठी मका घ्यायला लागला, तशी त्याने विहिरीकाठची गवताची पट्टी नांगरून मक्याच्या चार ओळी वाढवल्या होत्या. युरियाही मुठीने नाही, घमेल्याने. "दादा, हे सगळं विहिरीत उतरेल," असं धाकटा म्हणाला होता, आणि थोबाडीत खाऊन गप्प बसला होता.

इंजेक्शनही निळंच होतं. तासाभराने पोरीचे कान गुलाबी झाले आणि तिने टाहो फोडला.

धाकट्याने भावाकडे पाहिलं. "आता कुणाचं नाक फोडायचं, दादा?"

थोरला बाहेर पायरीवर आला. फाटकातून दुकानदार येत होता. नाकावर लाल झालेला टॉवेल, हातात कुदळीचा दांडा. थोरल्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. पहिल्या तडाख्यात खांद्याचं हाड मोडलं, दुसऱ्याला तो गुडघ्यांवर आला.

"हात उचल की," दुकानदार दातांच्या फटीतून म्हणाला. "असं मारण्यात काय मजा?"

"तुझं उरक लवकर. उजेड आहे तोवर मला चार ओळी उपटायच्यात."

तिसरा तडाखा बसला. आत धाकट्याने खिडकी लावून घेतली. पोरीचा नुकता डोळा लागला होता.