दिवा वाढव

…आणि पानाच्या कडेला चिकटलेला तो बुडबुडा काही केल्या सुटत नव्हता. मोहरीएवढा. बल्बचा पिवळा उजेड त्याच्या पोटात साठून थरथरत होता. आता सुटेल, आता वर जाईल म्हणत उत्तरा माशांच्या पेटीच्या काचेशी वाकून बघत राहिली. आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण मघापासून इकडे बघतो आहोत ते आतल्या खोलीकडे बघावं लागू नये म्हणून.

आतल्या खोलीत जया वाटी वाजवत होती. टुक. मग बराच वेळ काही नाही. मग टुक. दोन वर्षांची होऊन गेली तरी भिंत धरल्याशिवाय पाऊल न टाकणारी जया, जमिनीवर पाय पसरून… नाही, पायांचं नको.

काचेच्या पेटीत तळाला हिरवळ पसरली होती. टिटवाळ्याला दर्शनाला गेले असताना यांनी पिशवीभर आणलेली काळू नदीची वाळू, ती सात पाण्यांनी धुऊन पसरलेली, आणि तिच्यावर आता नखाएवढ्या पानांचा असा दाट थर की वाळू दिसू नये. माहेराहून, ठाण्याच्या तळ्याकाठचं हे चार पानांचं तण तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं तेव्हा सगळे हसले होते. सुरुवातीला त्यानंही हसंच केलं. चाळीसच्या बल्बखाली देठ दोऱ्यासारखे उंच गेले, फिके, टोकाला एकेक केविलवाणं पान, आणि स्वतःचाच भार न पेलून वाकले. उत्तरानं एका नजरेत ओळखलं. बॉटनी घेऊन बी. एस्सी. झालेल्या बाईला ते ओळखायला किती वेळ लागणार? उजेड कमी पडतोय. तिनं हट्टानं शंभराचा बल्ब आणवला, पत्र्याचं झाकण ठोकून घेतलं, आणि पंधरवड्यात देठांनी वर धावणं सोडलं. बुटके झाले, आडवे सरपटले, एकमेकांना धरून पसरले.

एका नजरेत ओळखलं!

आज सकाळी कल्याणच्या डॉक्टरांनी जयाचं मनगट दोन बोटांत धरलं, मग पोटऱ्यांवरून हात फिरवला — दोन्ही पाय जुळवल्यावर गुडघ्यांच्या मधून त्यांची मूठ आरपार गेली — आणि विचारलं, "हिला ऊन लागतं का हो?"

"गेल्या थंडीत डबा झाला होता तिला, छाती भरली होती. म्हणून मी बाहेर फारशी…"

"मुडदूस आहे. हाडं मऊ राहिलीत. माशाचं तेल लिहून देतो. आणि रोज ऊन. खिडकीच्या काचेतलं नाही, उघड्यावरचं. पाय उघडे ठेवून."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. डब्याची भीती तिनं सांगितली. ती खरीच होती, नाही असं नाही. पण सासूबाई बारशापासून सांगत होत्या, "तेल चोळून कोवळ्या उन्हात टाक पोरीला," आणि आपण मनातल्या मनात 'जुनी माणसं' म्हणून हसत होतो, हे नाही सांगितलं. आणि चाळीच्या मालकीणबाई गोदामावशी जयाला 'साखरेची बाहुली' म्हणतात, किती गं गोरी म्हणतात, आणि ते ऐकताना आपल्याला जे व्हायचं… ऊन लागून काळवंडेल, हे कारण तर आपण स्वतःशीसुद्धा कधी मोठ्यानं बोललो नव्हतो.

"आहे का घरात कुणी?"

गोदामावशीच. मागोमाग त्यांची नवी सून. ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या सासूबाईही सूप घेऊन आत आल्या.

"ही बघ, ही ती काचेची पेटी," मावशी सुनेला म्हणाल्या आणि वाकल्या. "अगो बाय! हा तर तलावातला पाला! आमच्या म्हशी खातात हा."

"म्हशींना शंभराचा बल्ब लावून कोण वाढतंय?" सासूबाई म्हणाल्या. "इथं माणसं अंधारात जेवतात, पाला उजेडात जेवतो."

सगळ्या हसल्या. उत्तराही हसली.

"आणि आमची साखरेची बाहुली कुठं?"

"झोपलीय," उत्तरा म्हणाली. लगेच म्हणाली. आधीपासून ओठांवर ठेवल्यासारखं.

टुक.

पेटीतल्या गप्पी माशांनीसुद्धा ऐकलं असावं असा तो आवाज खोलीभर झाला.

"झोपेत वाटी वाजवते होय गं?" मावशी हसल्या, त्यात काही वाईट नव्हतं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. सुपातला एक खडा उचलून त्यांनी बाजूला ठेवला आणि उत्तराकडे बघितलं.

"उठली वाटतं," उत्तरा म्हणाली, आणि उठली नाही. उठून तिला आणायची तर झबलं आखूड, आणि बाहेर मावशींचे डोळे. मग तिचं तोंड आपोआप बोलू लागलं, आल्यागेल्याला सांगून गुळगुळीत झालेलं तेच: "याचं काय असतं मावशी, उजेड मिळाला नाही की हे नुसतं वाढतं, पण जोर नसतो. देठ फिके पडतात, आणि मग वाकता…"

तिच्याच आवाजात कुणीतरी तिचीच गोष्ट तिला सांगत होतं.

"वाकतात," सासूबाईंनी वाक्य पुरं केलं.

मावशी गेल्या. जाताना दारातून आत डोकावल्या, की तिला तसं वाटलं. जयाला कडेवर घेऊन उत्तरा बाहेर आली तेव्हा सासूबाई देवाशी निरांजन लावत होत्या.

"डॉक्टर काय म्हणाले, ते सांगितलं नाहीस."

"तेल दिलंय. अशक्तपणा आहे म्हणाले."

"हं."

त्यांनी हात जोडले. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तो दिवा वाढव आता. बास झाला."

वाढव. लग्न होऊन आली त्या आठवड्यात त्या असंच म्हणाल्या होत्या, आणि शाळामास्तरांच्या घरात 'दिवा बंद कर' ऐकत वाढलेल्या उत्तरानं कंदिलाची वात मोठी केली होती. केवढं हसलं होतं घर! विझव म्हणू नये, अशुभ, म्हणून वाढव. फुटलेली बांगडी वाढवली म्हणायचं, फोडलेला नारळ वाढवला म्हणायचं. तेव्हापासून ती चुकली नव्हती. आणि मैत्रिणींना पत्रात लिहीत होती, झाडं वाढवतेय, मुलगी वाढवतेय… कुठल्या अर्थानं, उत्तरा?

तिनं झाकणावरचं बटण दाबलं. हिरवळ काळी झाली. पत्र्याच्या झाकणावर तिचा तळवा तसाच राहिला होता. पत्रा अजून कढत होता. तो तळवा तिनं उचलून जयाच्या पोटरीवर ठेवला. ही ऊब काही कामाची नाही हे तिला कळत होतं. बल्बचा असला उजेड हाडांना पुरत नाही. पण डॉक्टरांचा हात जिथून फिरला तिथून तिचा आज पहिल्यांदा फिरला. नडगीचा बाक बोटांखालून गेला आणि पुन्हा आला, आणि या वेळी तिनं बोटं उचलली नाहीत.

"ऊत," जया म्हणाली. ऊठ म्हणाली, की ऊन, की काहीच नाही.

ओट्यावर सकाळी ऊन येतं तेव्हाच नळाला पाणी येतं. चाळीतल्या सगळ्या बायका तेव्हा तिथं असतात. गोदामावशीही.

"आई," तिनं हाक मारली. सासूबाई वळल्या. पुढं काय बोलायचं ते तिला अजून ठाऊक नव्हतं. निरांजनाच्या उजेडात जयाचे दोन्ही पाय तिच्या कडेवरून उघडे लोंबत होते, आणि ते झाकायला तिचा पदर या वेळी पुढं आला नव्हता.