हॅल्स्टरचे दुकान कोणाचे?

मित्रांनो, कॅन्ससच्या पश्चिमेला, गव्हाच्या शेतांच्या मधोमध हॅल्स्टर नावाचे तीनशे वस्तीचे गाव आहे. गावात एकच किराणा दुकान आहे आणि त्याच्या मागच्या भिंतीशी दुधाचा एक जुना फ्रीज उभा आहे. काचेची तीन दारे, खालून गंजलेला पत्रा आणि चालू होताना म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखा आवाज. तो फ्रीज म्हणजे मी. माझ्यासमोर उभे राहून दोन माणसांनी चाळीसेक वर्षे एकच वाद घातला. तो अजून मिटलेला नाही, म्हणून तुम्हाला सांगावासा वाटतो.

माझा जन्म १९६४ सालचा, आयोवातल्या एका कारखान्यातला. तो कारखाना मुळात सरकारने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यासाठी बांधला होता. युद्ध संपल्यावर एका व्यापाऱ्याने तो विकत घेतला. तिथे माझा पत्रा वाकवला गेला, नळ्या जोडल्या गेल्या, काचा बसल्या. मालगाडीतून मी हॅल्स्टरला आलो तेव्हा मला उतरवून घ्यायला सहा माणसे लागली. त्यांत दुकानदार कोहनचा एकोणीस वर्षांचा मुलगा ऑर्व्हिल होता. काही वर्षांनी बाप गेला आणि दुकान ऑर्व्हिलचे झाले.

ऑर्व्हिल कमी बोलणारा, काटक माणूस. पहाटे पाचला दुकान उघडायचा. कापणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना शेतावर बर्फ आणि दूध पोचवायचा. त्याचा एकाच गोष्टीवर विश्वास होता: माणसाने स्वतःच्या हिमतीवर धंदा करावा, चांगला केला तर टिकावे, वाईट केला तर बुडावे, आणि मध्ये कोणी पडू नये. "अमेरिका म्हणजे दुसरं काय?" असे तो म्हणायचा.

त्याला उत्तर देणारे गावात एकच माणूस होते. व्हर्ला श्रॅग. ती गावच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. दोघे लहानपणी एकाच वर्गात होते, म्हणून सारे गाव तिला 'बाई' म्हणत असले तरी ऑर्व्हिल नावाने हाक मारी. शनिवारी ती दूध घ्यायला यायची आणि माझ्यापुढे उभी राहायची.

"ऑर्व्हिल, हा फ्रीज कोणाच्या विजेवर चालतो रे?"

"बिल मी भरतो, म्हणजे माझ्याच."

"तारा कोणाच्या?"

"वीज संस्थेच्या."

"संस्था म्हणजे आपण सगळे सभासद. तुझे वडील होते, माझेही होते. आणि तारा ओढायला कर्ज सरकारने दिलं होतं. कंपन्या तर म्हणाल्या होत्या, एवढ्या लांब चार घरांसाठी कोण येतंय."

"बरं, मग?"

"आणि दुधाचा भाव? शेतकऱ्याला निदान किती द्यायचं ते वॉशिंग्टनात ठरतं. गव्हाचंही तेच. पीक गेलं की तुझी गिऱ्हाइकं सरकारी चेकची वाट बघतात. मग आपण भांडवलशाहीत राहतो म्हणजे नक्की कुठे राहतो?"

"तू दूध घे आणि घरी जा," ऑर्व्हिल म्हणायचा. "पहाटे पाचला वॉशिंग्टन उठत नाही. मी उठतो. का उठतो? तर दुकान माझं आहे. तुझ्या पुस्तकात हे लिहिलंय का?"

व्हर्ला हसायची. त्याचे हे बोलणे तिला खोडून काढता येत नसे आणि तिचे त्याला. मग ती दूध घेऊन निघायची. मला त्या दोघांचा लळा लागला होता.

मित्रांनो, माझे ते दिवस भरभराटीचे होते. लोक कौतुकाने म्हणत, "कोहनच्या दुधाने दात शिवशिवतात." पुढे दिवस पालटले. अडतीस मैलांवर, जिल्ह्याच्या गावी, एक भले मोठे दुकान आले. त्याला दहा वर्षांची करमाफी मिळाली. त्याच्या दारापर्यंतचा रस्ता आणि सांडपाण्याची वाहिनी लोकांच्या करातून झाली. त्या करात ऑर्व्हिलचाही वाटा होता.

ती बातमी त्याने माझ्या काचेला टेकून वाचली. नंतर बायकोला, लिओनाला, म्हणाला, "सरळ खेळात हरलो असतो तर जाऊन हात मिळवला असता गं. पण त्यांच्या बाजूने मैदान उतरतं केलंय, आणि ते करायला फावडं माझंच वापरलंय."

लिओना म्हणाली, "मग तूही मागून बघ ना माफी."

"मी भीक मागायची? मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय उरला?"

त्याने मागितली नाही. सहा वर्षे तो तग धरून राहिला. शाळा बंद पडली, तरुण माणसे गेली, माझी दोन दारे रिकामी झाली. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये एका दुपारी त्याने माझ्यातले शेवटचे दूध बाहेर काढले, मला आतून पुसले आणि माझी तार भिंतीतून उपसली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी गरम झालो. मित्रांनो, यंत्राला मरण कसे वाटते हे विचाराल तर तसेच वाटते. आत कोंदट वास येतो आणि कोणी येत नाही.

त्या हिवाळ्यात गावाला दूध आणायला अडतीस मैल जावे लागे. जानेवारीत व्हर्लाची गाडी बर्फावरून घसरून चरात गेली. पाच तासांनी रस्त्यावरचा बर्फ उपसणाऱ्या माणसाला ती दिसली. जीव वाचला, पण डाव्या हाताची तीन बोटे थंडीने गेली. मागच्या सीटवर दुधाचे डबे गोठून फुटले होते.

मार्चमध्ये गावाची सभा भरली. शाळेला कुलूप होते, म्हणून लोक घड्या घालायच्या खुर्च्या घेऊन बंद दुकानातच आले. गावचा महापौर ड्वाइट पेनर एरवी लोकांचे केस कापायचा. त्याने प्रस्ताव मांडला: गावाने ऑर्व्हिलची इमारत विकत घ्यावी आणि दुकान गावानेच चालवावे.

 ही सगळी सरकारच्या नावाने बोटे मोडणारी माणसे होती.

"हा समाजवाद झाला की," मागून कोणीतरी म्हणाले.

ड्वाइट म्हणाला, "अरे, पोहण्याचा तलाव गावाचाच आहे. त्यात उतरताना तू कधी हे बोलला नाहीस."

थोडा हशा पिकला. सगळ्यांच्या नजरा ऑर्व्हिलकडे वळल्या. त्याने इमारत विकली नाही तर विषय तिथेच संपणार होता. तो भिंतीला टेकून उभा होता आणि व्हर्लाच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत होता.

"बोल व्हर्ला," तो म्हणाला. "तीस वर्षं म्हणत होतीस. आज म्हण, ऑर्व्हिल चुकला."

व्हर्ला उठली नाही. बसूनच म्हणाली, "मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. दर वर्षी परीक्षेत प्रश्न असायचा: आपल्या देशाची अर्थव्यवस्था कोणत्या प्रकारची आहे? 'भांडवलशाही' असं लिहिलं की मी पूर्ण मार्क द्यायचे. इथे येऊन तुझ्याशी भांडायचे आणि सोमवारी वर्गात जाऊन तेच उत्तर बरोबर धरायचे. तू निदान जे मानायचास तसं वागलास. मी तेवढंही केलं नाही."



"मग आता काय मार्क देशील?" ऑर्व्हिलने हळूच विचारले.

"एका शब्दात लिहिणाऱ्याला शून्य. म्हणेन, बाहेर जा. तारा कोणाच्या, रस्ता कोणाचा, माफी कोणाला मिळाली, पाचला कोण उठलं, सगळं बघून या. मग लिहा."

ऑर्व्हिलने टोपी काढली. "माझा एकच प्रश्न आहे," तो सगळ्यांना म्हणाला. "दुकान माझं होतं तेव्हा मी उठायचो. सगळ्यांचं झालं की कोण उठणार?"

 त्याने पुन्हा एकदा व्हर्लाच्या पट्टीकडे पाहिले आणि म्हणाला, "इमारत घ्या. मी आडवा येणार नाही." आणि मागच्या दाराने निघून गेला.

मे महिन्यात मतदान झाले आणि दुकान गावाचे झाले. माझी तार पुन्हा भिंतीत गेली. मेलिंडा नावाची एक बाई पगारावर दुकान पाहू लागली. मी पुन्हा गार झालो. आता मी सगळ्या गावाचा होतो आणि खरे सांगतो, मला त्याचा अभिमान वाटला.

पुढच्याच वर्षी तो अभिमान उतरला. जुलैच्या चार तारखेला, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीसाठी, दुकान बंद होते. बाहेर माणूस भाजून निघेल असे ऊन होते. दुपारी माझा कॉम्प्रेसर धापा टाकू लागला आणि थांबला. दुसऱ्या सकाळी मेलिंडाने दार उघडले तेव्हा चाळीस गॅलन दूध नासले होते.

माणसे जमली. ड्वाइट म्हणाला, मेलिंडाने बघायला हवे होते. मेलिंडा म्हणाली, मला कोणी सांगितले नव्हते. कोणी म्हणाले गावसमितीचे काम, कोणी म्हणाले मेकॅनिकचे. शेवटी व्हर्लाने ऑर्व्हिलला फोन केला.

तो आला आणि गुडघ्यांवर बसला. त्याने माझा खालचा पत्रा काढला. आतली जाळी धुळीने आणि गव्हाच्या भुशाने लिंपून गेली होती. तिथून वारा जात नव्हता, म्हणून माझा जीव घुसमटला होता. सदतीस वर्षे दर सोमवारी, दुकान उघडण्याआधी, ऑर्व्हिल ती जाळी ब्रशने साफ करत असे. ते कोणाला माहीत नव्हते, कारण त्याने कधी कोणाला सांगितलेच नव्हते.

व्हर्ला शेजारी उभी होती. "बोल ना," ती म्हणाली. "आज तुझी पाळी आहे."

"काय बोलू? दूध गेलं." त्याने हात पुढे केला. "ब्रश दे."

जाळी साफ व्हायला तासभर लागला. कॉम्प्रेसर खोकला आणि सुरू झाला. ड्वाइट म्हणाला, "मी पाळ्यांचा तक्ता करून भिंतीवर लावतो."

"तक्ता नको," ऑर्व्हिल उठत म्हणाला. "तक्ता सगळे वाचतील. एक माणूस सांग."

 तेव्हा व्हर्ला म्हणाली, "मी करते."

"तुझा हात?"

"ब्रश उजव्या हाताने धरतात, ऑर्व्हिल."

त्या सोमवारपासून अकरा वर्षे तिने माझी जाळी साफ केली. गुडघे दुखायचे, तरी फरशीवर उशी टाकून बसायची. ऑर्व्हिल कॉफीचा कप घेऊन तिथेच खुर्चीवर बसायचा आणि दोघे पुन्हा त्याच वादाला लागायचे. तो म्हणायचा, बघ, एका माणसाने अंगावर घेतल्याशिवाय काही चालत नाही. ती म्हणायची, पण ते माझ्या मालकीचे नाही, तरी मी करतेच ना? त्यावर तो जाळीकडे बोट दाखवायचा. मग म्हणायचा, "डाव्या कोपऱ्यात राहिलंय."

दोन वर्षांपूर्वी, हिवाळा सरता सरता, व्हर्ला गेली. त्यानंतरच्या सोमवारी ऑर्व्हिल एकटाच आला. तो आता वाकू शकत नाही. हातात ब्रश धरून बराच वेळ माझ्यासमोर उभा राहिला. मेलिंडाने तो ब्रश त्याच्या हातातून घेतला आणि खाली बसली.

मित्रांनो, मोठी माणसे आपल्या देशाला, आपल्या व्यवस्थेला एखादे नाव देतात आणि त्या नावासाठी भांडतात. तुम्हीही मोठे झाल्यावर भांडाल. जरूर भांडा, पण आधी ज्या वस्तूवरून भांडताय तिच्यापाशी जा. तिचा पत्रा काढा, आत वाकून बघा आणि विचारा, इथली धूळ कोण पुसते? ज्याचे नाव कळेल त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा. त्याचे गुडघे दुखत असतील तर ब्रश तुम्ही घ्या.