काळीजखाईची चाल

बसा भाऊ. तुमची गाडी भरायला अजून अवकाश आहे, आणि उभ्या माणसाला मी गोष्ट सांगत नाही. तुमच्या त्या मोबाइलमधल्या खेळात शेवटी एक राक्षसीण येते ना, मगरीच्या तोंडाची? तिच्यापायी तुम्ही मघापासून स्वतःशीच शिव्या देताय. ती आमच्या घरची आहे. कशी, ते ऐका.

आमची पोरगी असले खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे. एकदा मी पाठीवर पोतं घेऊन फळीवरून उतरत होतो, तेवढ्यात तिचा फोन आला. माझ्या जोडीचा हमाल टकल्या, त्याने तो माझ्या कानाला लावला.

"बाबा, बॉसचं काम मला मिळालं."

झालं. पोतं तिथंच टाकलं आणि अख्ख्या गोदामाला ओरडून सांगितलं, पोरगी साहेब झाली. मुकादमाने सगळ्यांना चहा पाजला. टकल्या म्हणाला, "आता पोती सोड, तिच्या गाडीचं दार उघडायला जा."

घरी आल्यावर पोरीने कपाळाला हात लावला. "अहो बाबा, बॉस म्हणजे साहेब नाही. खेळात शेवटी सगळ्यात दांडगा राक्षस येतो, त्याला बॉस म्हणतात."

आमची ही चुलीपाशी होती. म्हणाली, "मग साहेबच की तो."

पोरीने चित्र दाखवलं. तोंड मगरीचं, पुढचं धड सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. नाव अम्मित. फार पूर्वी इजिप्तमधले लोक मानायचे म्हणे, की माणूस मेला की त्याचं काळीज तराजूत घालतात आणि दुसऱ्या पारड्यात एक पीस ठेवतात. काळीज जड भरलं, की ही बया ते खाऊन टाकते.

मी म्हटलं, "पिसाच्या मापाने तोलायचं? असल्या काट्यावर कोण पास होईल?"

"म्हणून तर हिचं पोट कायम भरलेलं असतं," पोरगी म्हणाली. आम्ही तिला घरात काळीजखाई म्हणायला लागलो.

पण गाडी अडली. काळीजखाई दिसायची भारी, चालायला लागली की मांजर. पोरीने सिंहाची चाल लावून बघितली, हत्तीची लावली, काही जमेना. तिचा साहेब म्हणाला, "हिची भीतीच वाटत नाही. आठवड्यात जमलं नाही तर काढून टाकू, तिच्या जागी साप घेऊ." वर्षभराची मेहनत होती हो तिची. ताटावर बसायची आणि नुसती भाकरीचे तुकडे करत राहायची.

अशातच एका दुपारी मी डबा विसरलो आणि तो घेऊन ती गोदामात आली. आता, मी तिला इकडे कधी फिरकू दिलं नव्हतं. हमालाची चाल तुम्हाला माहीत आहे. मान पुढे, डोळे कपाळाखालून वर, आधी पाऊल टेकवायचं आणि मग सावकाश त्यावर अंगाचा भार सोडायचा. ओझं उतरलं तरी चाल उतरत नाही. तिच्या शाळेत जायचो तेव्हा मी फाटकापासूनच छाती काढून चालायचो, आणि घरी येऊन कंबर शेकत पडायचो.

मी पोतं थप्पीला लावून वळलो, तर ही दारात डबा धरून उभी.

"बाबा, परत चाला ना."

"अगं, ठेवलं पोतं."

"मग दुसरं घ्या."

दोन दिवसांनी मी तिच्या कंपनीत. मला एक काळा घट्ट पोशाख चढवला, त्यावर जागोजागी पांढऱ्या गोळ्या. भिंतीभर कॅमेरे. तुम्ही चालाल तशी काळीजखाई चालणार, म्हणाले. पाठीवर पोतं दिलं. समोर शिकलेली पोरंपोरी, तिचा साहेब. मी आपला ताठ झालो आणि नवरदेवासारखा चालत गेलो.

पोरगी जवळ आली, पोतं सारखं केल्यासारखं केलं आणि कानाशी म्हणाली, "बाबा, शाळेत यायचात तसं नका चालू. गोदामात चालता तसं चाला."

म्हणजे पोरीला तेव्हापासून ठाऊक होतं.

मी मान खाली घातली आणि चाललो. जसा आयुष्यभर चाललो तसा, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग पडद्यावर ती आली. अंधारातून मान पुढे काढून, पाऊल टेकवून, त्यावर भार सोडत. जगातल्या सगळ्यांची काळजं पोटात घेऊन निघालेली. साहेबाने खुर्ची थोडी मागे सरकवली. "राहू दे हिला," म्हणाला. पोरीने सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या बाबांची चाल आहे." असं सांगितलं, जसं कुणी बापाचा बंगला दाखवावा.

इथे मोबाइलवर दाखवलं तेव्हा मुकादम म्हणाला, "अरे, ही तर आपल्या टोळीतली." आमची ही म्हणाली, "तुमच्यापेक्षा दिसायला बरी आहे."

आता मी ओझं उचलत नाही. डॉक्टरने कमरेला पट्टा दिलाय, पट्ट्यात माणूस सरळच चालतो. ती चाल आता तिथे तेवढी उरली आहे.

तर एवढं करा भाऊ. ती अंधारातून निघाली की लगेच बाण सोडत सुटू नका. तराजूपर्यंत तिला चालत येऊ द्या. मग खुशाल मारा.