खालच्या मजल्यासाठी गप्प बसलेला कुकर

मित्रांनो, मी तीन लिटरचा एक जुना कुकर आहे. लीड्समधल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या फळीवर माझी जागा आहे. माझ्या झाकणावर बारीक ठिपक्यांनी नाव कोरलेलं आहे: 'चि. उल्कास, आईकडून.' मला उल्काकडे पाठवताना आईने कोल्हापूरच्या भांड्यांच्या दुकानात नेऊन ते समोर उभं राहून कोरून घेतलं. "परदेशात कुकर मिळतात, पण नाव घातलेला मिळत नाही," असं ती दुकानदाराला म्हणाली होती.

त्याआधी कोल्हापुरात, आईच्या घरी, मी सकाळ-संध्याकाळ शिट्ट्या द्यायचो. घरातलं कुणी ना कुणी बाहेरच्या खोलीतून ओरडायचं, "तिसरी झाली गं!" कुकरला याहून मोठं कौतुक नसतं.

लीड्सला आलो तेव्हा उल्काला तनू नुकतीच झाली होती. साकेत, म्हणजे उल्काचा नवरा, इथल्या इस्पितळात डॉक्टर. त्याच्या ड्यूटीला धरबंध नाही. उल्का एम.एस्सी. झालेली, पण आता दिवसभर ती, तनू आणि मी. तनू खोकली की उल्का थर्मामीटर आणायची, खोकली नाही तरी आणायची.

पहिल्याच हिवाळ्यात दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत आली. खालच्या मजल्यावर जोन नावाच्या बाई राहत होत्या. 'काल शिट्टीसारखा मोठा आवाज आला. सगळं ठीक आहे ना?' एवढंच लिहिलं होतं. उल्काने ती तीनदा वाचली आणि साकेतला दाखवली.

"तक्रार आहे ही," तो म्हणाला. "इथले लोक अशीच तक्रार करतात, गोड बोलून."

त्या दिवसापासून माझी शिट्टी बंद झाली. मी जरा फुरफुरायला लागलो की उल्का धावत यायची आणि मला शेगडीवरून खाली घ्यायची. असं चार-चारदा. डाळ शिजायला तास लागायचा, तरी दाताखाली कचकच यायचीच. जिन्यात जोनबाईंच्या पावलांचा आवाज आला की उल्का त्या जाईपर्यंत दार उघडायची नाही. मित्रांनो, पोटात वाफ धरून गप्प बसणं काय असतं, ते मला विचारा.

तनू अडीच वर्षांची झाली आणि दोघांनी पहिल्यांदाच इटलीला जायचं ठरवलं. साकेतने यादी केली: रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. उल्काने मध्येच एक गाव घातलं. फ्लॉरेन्सहून दीड तासावर, डोंगरावरचं, कुणी नाव न ऐकलेलं.

"व्हेनिसचे दोन दिवस कापून तू खेड्यात भात शिजवणार?" साकेत म्हणाला.

"दोनच रात्री. तिथे किचन आहे. तनू वरणभाताशिवाय काही खात नाही, तुला माहितीये."

"पहिली इटली ट्रिप आहे, उल्का. लोक हसतील."

"कोण लोक?" उल्का म्हणाली. "इथे आपल्याला ओळखतं कोण?"

साकेतने लॅपटॉप पुढे ओढून ते घर बुक केलं.

मला तनूच्या पांघरुणात गुंडाळून सुटकेसमध्ये ठेवलं. पोटात तांदूळ आणि तूरडाळीच्या पुड्या. रोम मी पाहिलं नाही, फ्लॉरेन्सही नाही. हॉटेलच्या खोलीत, बंद सुटकेसमध्ये मला फक्त ऐकू यायचं. "एकच घास, सोन्या." मग तनूचं रडणं. चौथ्या दिवशी उल्का म्हणाली, "साकेत, हिच्या बरगड्या मोजता येतायत." तो म्हणाला, "डॉक्टर मी आहे ना?" पण त्याचाही आवाज बारीक झाला होता.

गावातल्या घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दुकानं चार वाजेपर्यंत बंद. साकेत कुठे दूध मिळतंय का बघायला बाहेर पडला आणि उल्काने मला गॅसवर चढवलं. सवयीने ती शेजारीच उभी राहिली. पण तेवढ्यात तनू बाथरूममध्ये घसरून पडली, उल्का तिकडे धावली, आणि दोन वर्षांनी मी शिट्टी दिली. पूर्ण, मोकळी.

खालून धापा टाकत घरमालकीण आली. सत्तरीची रोझेल्ला. अर्ध्या केसांना कर्लर, अर्धे मोकळे. दुसरी शिट्टी झाली तशी तिने तनूला उचलून थेट जिन्यात नेलं. उल्का माफी मागत मागे धावली. रोझेल्लाने फोनमध्ये काहीतरी बोलून तो तिच्यासमोर धरला. इंग्रजी अक्षरं उमटली: 'काही फुटलं का? तुम्ही ठीक आहात ना?'

उल्का त्या अक्षरांकडे बघत राहिली.

मग तिने रोझेल्लाला आत आणलं, मला दाखवलं, तिसरी शिट्टी बोटावर मोजून दाखवली. रोझेल्ला टेबलाशी बसून वरणभात जेवली. तनू तिच्या मांडीवर बसून दोन वाट्या जेवली. रोझेल्लाने माझ्या झाकणावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "मम्मा," उल्का म्हणाली. तेवढं तिला समजलं. दुसऱ्या दिवशी ती शिट्टीच्या आधीच आली, आपली खुर्ची घेऊन.

व्हेनिसच्या गाडीत उल्का म्हणाली, "साकेत, जोनने हेच विचारलं होतं."

"कोण जोन?"

"खालची. चिठ्ठीवाली. ती तक्रार नव्हती रे."

लीड्सला परतल्यावर पहिल्याच शनिवारी उल्काने खिचडी लावली. मला तीन शिट्ट्या देऊ दिल्या. दार उघडून ती उभी राहिली. खालून कुणी आलं नाही. मग डब्यात खिचडी घालून ती स्वतः खाली गेली. पाच मिनिटांत डबा तसाच परत आला.

"तिथे एक माणूस रंग देतोय," ती साकेतला म्हणाली. "जोन जानेवारीतच गेल्या, मुलीकडे, ग्लासगोला. पत्ता त्याला माहीत नाही."

जानेवारी ते एप्रिल मी एका रिकाम्या घरासाठी श्वास कोंडून धरला होता. जिन्यातली ती पावलं कुणाची होती, कोण जाणे.

आता माझी रिंग सैल झाली आहे, एक कान हलतो. मित्रांनो, आम्हा भांड्यांची काळजी सोपी असते. रिंग बदला, शिट्टी साफ ठेवा, वाफ अडवू नका. माणसाची त्याहून अवघड नसावी. कुणी दारातून विचारलं, तर उत्तर द्या. उशिरा द्या, पण विचारणारा जायच्या आत द्या.

ती चिठ्ठी आता फ्रिजवर लावलेली आहे. 'सगळं ठीक आहे ना?' याच्या खाली उल्काने पेनाने लिहिलं आहे: 'तितकंसं नाही. वर याल का?'