सावेलीचं हिमवादळ

डोळे फुटले होते का मेल्यांचे, असंच माझ्या मनात आलं. पडद्यावर आमच्या जुन्या कार्टूनपटातलं काळं कोकरू मान खाली घालून, डोळे मिटून, पाय ओढत चाललं होतं आणि भोवती लख्ख ऊन पडल्यासारखं सगळं स्वच्छ. बर्फाचा कण नाही. आजारी आईसाठी वैद्याला आणायला वादळातून निघालेलं पोर ते! या प्रसंगाला मॉस्कोतल्या दोन पिढ्या रडल्या. आज थिएटरभर पोरं खो खो हसत होती.

ते वादळ माझं आणि माझ्या नवऱ्याचं, सावेलीचं. स्टुडिओत आम्ही रंग भरणारी माणसं, सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांवर आमची नावं कधी लागली नाहीत. काळ्या फिल्मवर सुईनं ओरखडे काढून आम्ही तो बर्फ पाडला आणि आमचा कॅमेरामन गेन्रिख, त्यानं कॅमेऱ्यात तो चित्रावर चढवला. सावेलीचा वारा नेहमी डावीकडून यायचा, हात तसाच वळायचा त्याचा. तो गेला, फोटोतही धड हसलेला नाही. त्याचा हात जिवंत होता तो एवढ्याच ठिकाणी.

खेळ संपल्यावर बाहेर चहापाशी ही जुनी फिल्म नव्यानं साफ करणाऱ्यांतली एक मुलगी भेटली. मी तिला फैलावर घेतलं. बिचारी गोरीमोरी झाली. म्हणाली, यंत्रानं ते ओरखडे धूळ म्हणून दाखवले, आम्हालाही शंका आली, म्हणून मुद्दाम गेन्रिख ओसिपोविचना विचारलं. ते म्हणाले, कचराच आहे, काढा.

गेन्रिख! सावेलीच्या शवपेटीला खांदा दिलेला माणूस. दर नव्या वर्षाला माझ्याकडे येऊन ताटभर हेरिंग मासे चापणारा. तो खिडकीशी उभा होता, कोटाला कसलंसं पदक लावून. वय झालंय, विसरला असेल, असं मी जिन्यापासून त्याच्यापर्यंत मनाला बजावत गेले.

"विसरलास ना रे?" मी विचारलं. हो म्हणाला असता तर तिथल्या तिथे माफ केलं असतं.

त्यानं चहाचा पेला खिडकीत ठेवला. "नाही झिना," तो म्हणाला. "जो भेटेल तो म्हणायचा, काय बर्फ आहे, काय बर्फ आहे. त्यामागचं जंगल मी किती जीव ओतून टिपलं होतं, कुणाला दिसलं? म्हटलं, मरायच्या आत एकदा दिसू दे."

"म्हणून त्याला पुसलंस?"

"जुनी रिळं आहेत की कुठेतरी."

कुठेतरी! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण आवाज चढवला नाही मी. आतून दुसऱ्या खेळाची घंटा झाली. मी त्याचा दंड धरला आणि आत नेऊन पोरांच्या मधोमध बसवला, शेजारी मी.

कोकरू निघालं. मागे गेन्रिखचं जंगल, फांदी न् फांदी दिसत होती. पोरं हसायला लागली. पुढचा एकजण तर डोळे मिटून कोकरासारखी मान हलवून दाखवत होता.

गेन्रिखनं तोंड हातांत लपवलं.

"हात काढ," मी म्हटलं. "बघ, किती छान दिसतंय तुझं जंगल."