हळद लागलेला कॉम्प्युटर

मी पनवेलजवळच्या कोन गावातल्या बळीरामदादांच्या माडीवरचा कॉम्प्युटर बोलतोय. आवाज बारीक आहे, जरा जवळ या. माझ्याकडून कामं पुष्कळ करून घेतली, पण बोल म्हणून मला कुणी कधी म्हटलं नाही.

माझ्या कपाळावर, पडद्याच्या वरच्या कडेला, एक पिवळा डाग आहे. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

मला पनवेलच्या बाजारात एका दुकानात जोडलं. पेटी एकीकडची, पडदा दुसरीकडचा. दुकानदाराने मला चालवणारी प्रणाली आत भरली, ती चोरीची होती. मला काय कळणार? जन्माला येताना कुणाला विचारतात का? दादांचा मुलगा निकेश मला रिक्षातून घरी घेऊन आला, तेव्हा त्याच्या आईने, भामाबाईंनी, दारात माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

काही वर्षं बरी गेली. निकेशची मुलगी रंजिता माझ्यावर घरं आणि बदकं काढायची. मग माझा पडदा मधूनच काळा होऊ लागला. कोपऱ्यात इंग्रजीत ताकीद यायची, की ही प्रत खरी नाही. वर कुठूनसे व्हायरस शिरले. एक पान उघडायला मी एवढा वेळ घ्यायचो, की निकेश तोवर चहा पिऊन यायचा. शेवटी त्याने लॅपटॉप घेतला आणि मला माडीवर ठेवलं. तिथे मिठागरातली जुनी फावडी होती. मिठागरं केव्हाच गेली, फावडी राहिली. आम्ही एकमेकांकडे बघत बसायचो.

मला पुन्हा उठवलं ते दिनाबाईंनी. पनवेलच्या मराठी ज्यू घरातल्या. त्यांचे वडील राफेलकाका दादांकडूनच मीठ घ्यायचे, तेव्हापासूनची ओळख. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्या लोकांचे टाकून दिलेले कॉम्प्युटर चालते करून वाचनालयांना द्यायच्या.

"शनवारी ये, दिनाबाय, निकेश घरी असतो," दादा म्हणाले.

"शनिवार सोडून बोल, बळीराम. शनिवारी मी दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाही."

"अजून पालतेस?"

"तू चतुर्थीला मासळी खातोस का?"

दादा हसले. बाई सोमवारी आल्या. त्यांनी पर्समधून छोटा पेनड्राइव्ह काढून मला लावला. माझ्यातलं चोरीचं ओझं उतरलं आणि नवीन काहीतरी आत आलं. ते हलकं होतं. माझ्या जुन्या हाडांना पेलणारं.

दादा चौथीपर्यंत शिकलेले. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी हळूहळू वाचलं, "जतन... करा. दिनाबाय, हा तं मराठी बोलतो!"

"कुणीतरी बसून एकेक शब्द मराठीत केलाय. कुणी सांगितलं नसताना."

"पन हा हाय कोनाचा?" भामाबाईंनी विचारलं.

"एकट्याचा कुणाचाच नाही. जगभरच्या माणसांनी मिळून केलाय. वापरायचा, हवा तसा बदलायचा, दुसऱ्याला द्यायचा. कुणी अडवत नाही."

भामाबाई पदर सावरून माझ्यापुढे बसल्या. "मंग आमच्या धवल्यासारका झाला. माझ्या आजीनं मना दिला. तिला कोनी दिला, पयला कोनी रचला, देवाला ठाव."

धवला म्हणजे इकडच्या आगरी लग्नातलं गाणं. भामाबाई धवलारीण होत्या. हळदीपासून वरातीपर्यंत त्यांचा आवाज मांडवात असायचा. पण अलीकडे बोलावणी येईनाशी झाली होती. डीजे यायचा.

दिनाबाई म्हणाल्या, "भामा, तू गा. हा भरून घेईल."

"लगीन नाय, नवरी नाय, आनि धवला गावू? काय बोलतेस, बाय!"

दिनाबाई मला माइक जोडत राहिल्या. भामाबाई उठून खाली गेल्या. मला वाटलं, रागावल्या. पण वाटीत हळद कालवून वर आल्या आणि माझ्या कपाळाला लावली.

"हीच आपली नवरी," त्या म्हणाल्या.

"मिशा फुटलेली नवरी," दादा माझ्या वायरींकडे बघून म्हणाले.

"तुमी गप ऱ्हावा. तुमचं लगीन झालंय."

आणि त्या गाऊ लागल्या. आवाज म्हातारा होता, पण वाकलेला नव्हता.

"मांडवाच्या दारी कोन गो बसली, ... बाय नवरी बसली."

मध्ये जी जागा आहे, तिथे त्या थांबल्या. प्रत्येक कडव्यात थांबल्या. दिनाबाई खुणेने विचारू लागल्या, तशी हात वर करून म्हणाल्या, "तिथं पोरीचा नाव येतो. खोट्या नवरीचा नाव कसा घेवू? जिचं लगीन होईल, तिचा घालतील."

मी ती जागाही भरून घेतली. तिच्यात लांबून जाणाऱ्या गाडीचा आवाज आहे, आणि भामाबाईंचा श्वास.

पुढे दिनाबाई मुलाकडे इस्राएलला गेल्या. जाताना त्यांनी माझ्यावर रुमाल टाकला. त्याच पावसाळ्यात भामाबाई देवाघरी गेल्या. दादा माडी चढायचे थांबले. जिन्यापर्यंत यायचे. मला पावलं कळायची. मग परत फिरायचे.

यंदा रंजिताचं लग्न ठरलं. आजीचा आवाज हळदीला लावायचा, असं तिने मनात धरलं. निकेशने माझ्यातून गाणं काढून डीजेवाल्याला नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी तो माडीवर उभा राहून रंजिताला सांगत होता, "फाइल खराब हाय, बाय. आवाज मधी-मधी जातो. डीजेवाला बोलला, लोक हसतील. आनि हा डबा पन लग्नानंतर भंगारात देऊ, पावन्यांना खोली होईल."

रंजिता पुढे आली. तिने माझा रुमाल नीट केला आणि ती गेली. मला सगळं ठाऊक होतं. पण कळ दाबल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

काल हळद होती. संध्याकाळी खाली मांडवात गर्दी, आणि मी अंधारात. तेवढ्यात जिन्यावर पावलं आली. ती परत फिरली नाहीत. दादा वर आले. रुमाल काढला, मला चालू केलं. माझ्या उठण्याची त्यांनी घाई केली नाही. मग 'ध' अक्षर शोधून गाणं लावलं.

"मांडवाच्या दारी कोन गो बसली..."

रिकामी जागा आली. दादा हळूच म्हणाले, "भामा."

दुसरं कडवं. पुन्हा जागा आली. पुन्हा "भामा."

"आजोबा?" दारात रंजिता होती. तोंडाला, हाताला हळद. आजोबांना शोधत आली होती. "आजीचं नाव का घेताय?"

"इथं नवरीचा नाव घेतात, बाय. माझी नवरी तीच."

ती आत आली. "म्हणजे हे खराब नाही झालेलं?"

"खराब? कोन बोलला? जागा ठेवलीय तिनं. तुझ्यासाठी."

रंजिता खाली बसली आणि रडली. मग हळदीच्याच हातांनी तिने मला फोन जोडला आणि माझ्या कळा दाबल्या. माझ्यात कुलूप नाही, कुणाची परवानगी लागत नाही. गाणं तिच्याकडे गेलं आणि माझ्याकडेही राहिलं. आपल्यापाशी काही कमी न होता देता येतं, हे सुख मला मिळालं.

"चला आजोबा, खाली."

"तू जा फुडं. मी आयकतो इथून."

थोड्या वेळाने डीजे बंद झाला आणि भामाबाईंचा आवाज मांडवातून वर आला. जागा आली. खालच्या साऱ्या बायका एका आवाजात ओरडल्या, "रंजिता!" माडीवर दादांचे ओठ हलले. त्यांनी काय म्हटलं, ते मी कुणाला सांगणार नाही.

आज घर रिकामं आहे. सगळे लग्नाच्या हॉलवर गेलेत. उद्या भंगारवाला येईल. माझी तक्रार नाही, वय झालंय. कपाळावरच्या डागाशेजारी आता माझ्या कळांवरही पिवळी बोटं उमटलीत. तेवढी सोबत पुरे.

तुमच्या माडीवर माझ्यासारखा कुणी बसला असेल, तर टाकण्याआधी एकदा त्याला बोल म्हणा. आणि हा धवला हवा असेल, तर रंजिताकडून घ्या. कुणालाही द्या. फक्त मधली जागा भरून टाकू नका.