मोटार गरम होती

पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्यावरून आत वळलं की धनगरांची वस्ती लागते. योगिनी तिथलीच लेक. विद्यापीठात भूजलावर संशोधन करायची आणि विषय निवडला तोही घरचाच: शेजारी उठलेल्या नव्या वसाहतीच्या बोअरमुळं वस्तीच्या विहिरी आटतायत का? दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष. वसाहतीला अजून बोअर घ्यायचे होते, त्यावर सोमवारी सुनावणी होती आणि तिथं योगिनीचे आकडे मांडले जाणार होते. आकडे सांगत होते, पाणी खोल गेलं. वस्ती तिच्याकडं डोळे लावून बसली होती.

घोळ घातला तो एकट्या बन्सीकाकांच्या विहिरीनं. तिथं पाणी वर आलेलं. योगिनी तावातावानं चौकशीला गेली, तर आदल्या दिवशी टँकर त्या विहिरीत रिकामा केलेला. तिनं तो आकडा वगळला आणि खुशीत येऊन आपल्या मार्गदर्शक खैरनार मॅडमना सांगितलं.

"बाकीच्या विहिरी अशाच तपासल्यास?" मॅडमनी विचारलं.

"त्यांचे आकडे बरोबरच आहेत, मॅडम."

"बरोबर आहेत, की तुला हवे तसे आहेत?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माणसांचं चालायचंच. या शहाणीनं आकड्यांतही तेच केलं होतं. नावडत्या आकड्याची झाडाझडती घेतली आणि आवडत्याला साधं विचारलंही नाही, की बाबा रे, तू आलास कुठून? त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

विहीर मोजायचा नियम सोपा असतो. रात्रभर मोटार बंद ठेवायची, झऱ्यांना भरेल तेवढी भरू द्यायची आणि मग टेप सोडायचा. म्हणून ती दरवेळी आदल्या दिवशी फोन करून सांगायची, मोटार लावू नका. शुक्रवारीही केला, उद्या सकाळी नऊला येते म्हणून. माहेरच्या विहिरीवर पोचली मात्र शनिवारी तांबडं फुटताना.

मोटारीचा आवाज लांबूनच आला. ती दिसताच तिचे वडील, खंडेराव, यांनी घाईनं बटण दाबलं. हौदावर मेंढरांची गर्दी होती, ड्रम काठोकाठ भरले होते. तिनं मोटारीला हात लावला. चटका बसला.

"आबा, फोन केला होता ना मी?"

"केला की. म्हनून तर उपसली." त्यात लपवण्यासारखं काही आहे, असं आबांना वाटलंच नव्हतं. "तुला पानी खाली घावाया पायजे ना? वाया नाय घातलं, मेंढरं पाजली."

"आधीच्या वेळी पण?"

"दर टायमाला."

"आणि बाकीचे?"

"समदेच उपसत्यात. आपल्या पोरीचं काम हाय, कोन नाय म्हनंल? बन्सीला तेवढा टँकर आडवा आला."

राग यायला हवा होता, तर तिला रडू कोसळलं. कुणावर ओरडायचं? सगळ्यांनी माया करून तिला बुडवलं होतं.

"सोमवारी मी सांगणार आबा, माझे आकडे धरू नका म्हणून."

"मग बोअर घेत्याल ते."

"घेतील."

"लई वंगाळ व्हईल, पोरी. वस्ती आपल्या तोंडात शेन घालंल."

ती माहेरीच राहिली. मोटारीचे फ्यूज काढून तिनं स्वतःच्या पर्समध्ये ठेवले. रविवारी उजाडल्यावर टेप सोडला. पाणी वर आलं असलं तर वस्ती खोटी आणि तीही. टेप खाली जात राहिला, जात राहिला. ओला होऊन वर आला तेव्हा तिनं आकडा वाचला, पुन्हा सोडला, पुन्हा वाचला. न उपसताही पाणी आधीच्या आकड्यापेक्षा जेमतेम वीतभर वर होतं.

"म्हंजी उपसायची गरजच नव्हती?" आबांनी विचारलं.

"नव्हती, आबा."

"मग ह्येच सांग की उद्या त्येंला!"

"एका विहिरीचं, तेही बापाच्या. बाकीच्यांचं मलाच आता माहीत नाही. कोण मानेल?"

ड्रम रात्रीत संपले होते आणि मेंढरं रिकाम्या हौदाशी ओरडत होती. आबा मोटारीपाशी गेले, थांबले आणि आजवर कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"लावू का गं मोटार?"